समुद्रापलीकडून आलेली फावडी

ढाणकीत बसून समुद्राची गोष्ट सांगायची म्हणजे धाडसच. आपलं पाणी म्हणजे पैनगंगा. पण मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने विचारलं, "सर, परदेशातल्या शाळा मुलांना शिडाच्या जहाजातून दूरदेशी नेतात, तिथे बांधकाम करायला लावतात. त्यात भलं कोणाचं होतं?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण याचं उत्तर मला इतिहासात शोधावंसं वाटलं.

पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडचा अभियंता. सैन्यासाठीचा कर नाकारला म्हणून तुरुंगात गेलेला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नोव्हेंबरात, फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त गावी त्याने स्वयंसेवक नेले. त्यात जर्मनही होते. ज्यांच्या देशाच्या तोफांनी गाव पाडलं, त्यांनीच ते बांधावं, ही कल्पना. कल्पना थोरच! पण गावकऱ्यांना जर्मन हात नको होते. पाच महिन्यांत छावणी बंद पडली. मला ही हकिगत फार महत्त्वाची वाटते. देणारा तयार होता, घेणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं.

पुढे १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा भूकंप झाला. सेरेसोल बोटीने हिंदुस्थानात आला. गांधीजींची आणि त्याची ओळख १९३१ साली स्वित्झर्लंडमध्येच झाली होती. या वेळी तो राजेंद्रप्रसादांना भेटला, आधी पाहणी केली, आणि मग सोबती घेऊन परत आला. भूकंपाने जमिनीची पातळी बदलली, वाळू वर आली, त्यामुळे पुराचं पाणी गावांत शिरू लागलं. म्हणून मुजफ्फरपूर भागात गावं उंचावर नेऊन वसवायची होती. आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, गावकरी मात्र पुष्कळ. एनचा धडा इथे कामी आला असावा, असं माझं मत.

आता आमचंही सांगतो. कॉलेजात असताना आम्ही एका गावी श्रमदानाला गेलो. शेताला बांध घालायचा होता. माती बांधाच्या वरच्या अंगाने काढायची असते, म्हणजे वाहून येणारा गाळ त्याच खड्ड्यात बसतो. आम्ही हुशारांनी ती खालच्या अंगाने काढली! शेतकरी दोन दिवस काही बोलला नाही. पाहुणे ना आम्ही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पोरंहो, आता हे खड्डे बुजवा बरं." आमच्या हाताला फोड आले याचा आम्हाला केवढा अभिमान, आणि त्याचे दोन दिवस वाया.

मग परदेशी माणसाने येऊच नये का? तर आनंदवन पाहा. बाबा आमटे १९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरुग्णांना घेऊन राहिले. सेरेसोलच्या संस्थेचे देशोदेशीचे तरुण त्या दशकात तिथे आले, त्यांनी बांधकाम केलं. पण विटा रचायला आपल्याकडे गवंडी काय कमी होते? खरं काम वेगळंच झालं. आनंदवनातली भाजी वरोऱ्यात कोणी घेत नव्हतं. हे गोरे तरुण तिथेच राहतात, तिथलंच पिकलेलं खातात, हे गावाने पाहिलं, आणि लोकांची भीती हळूहळू सैल झाली. हे काम गवंड्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

बाबांनी १९६७ पासून सोमनाथला तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या. त्या मुलीला जायचं असेल तर जहाज लागत नाही. इथून यवतमाळ, मग वणी, मग वरोरा. तिथून पुढे मूलपर्यंत एस.टी. आहेच.