रविवारची हजेरी

३० मार्च १८५१, रविवार. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये एक मोजदाद झाली, तशी त्याआधी तिथे कधी झाली नव्हती. दर दहा वर्षांच्या जनगणनेला जोडून सरकारने प्रत्येक चर्चला, प्रत्येक चॅपेलला छापील तक्ते धाडले होते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उपासनेला किती माणसे आली, हे त्यांत भरायचे होते. होरेस मान या तरुण बॅरिस्टरने ते हजारो कागद जुळवले आणि १८५४ साली अहवाल प्रसिद्ध झाला. लोकसंख्या सुमारे १ कोटी ७९ लाख, त्या एका दिवसाच्या हजेऱ्या सुमारे १ कोटी ९ लाख. त्यांतही अनेकजण दोनदा-तीनदा आलेले. म्हातारे, आजारी, तान्ही मुले, कामात अडकलेली माणसे हे सगळे वजा करून मानने हिशेब मांडला, की येऊ शकत असूनही न आलेल्यांचा आकडा ५२ लाखांच्या वर जातो. गिरण्यांच्या शहरांतला कामकरी वर्ग त्यात सर्वांत मोठा होता. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशाला हा आकडा फार लागला. वाडवडिलांच्या काळात चर्चे ओसंडून वाहत होती आणि आपल्याच पिढीत काहीतरी बिघडले, अशी समजूत तेव्हा सार्वत्रिक होती आणि आजही आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी आपण थेट पहिल्या शतकापर्यंत मागे जाऊ.

तिथे पोचताच पहिली गोष्ट दिसते ती गैरहजेरीची तक्रार. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात, काहीजणांना एकत्र जमण्याचे टाळायची सवय लागली आहे, याबद्दल कानउघाडणी केलेली आढळते. म्हणजे चर्चची इमारत नव्हती, वेदी नव्हती, घंटा तर दूरच, आणि न येणारे मात्र होते. त्या काळी येणे सोपेही नव्हते. यहुदी परंपरेचा विसाव्याचा दिवस शनिवार होता. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांतून उठला या श्रद्धेने ख्रिस्ती माणसे रविवारी जमू लागली, पण रोमन साम्राज्यात रविवार हा इतर वारांसारखाच कामाचा वार होता. गुलाम, मजूर, लहानसहान कारागीर यांना जमायचे तर उजाडण्यापूर्वी किंवा अंधार पडल्यावर. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजानला एक पत्र लिहिले. ही माणसे ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र म्हणतात, चोरी आणि व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, आणि मग पांगून पुन्हा जेवायला एकत्र येतात, असे त्याने कळवले. ही माहिती काढण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणून काम करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला होता. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. रविवारच्या उपासनेचे हे अगदी जुने बाहेरचे वर्णन आपल्यापर्यंत पोचले आहे ते त्या दोघींच्या यातनांमधून, आणि हे विसरता येत नाही.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १५५ च्या आसपास, रोममध्ये राहणाऱ्या जस्टिनने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली आणि त्यात उपासनेचा क्रम नोंदवून ठेवला. शहरातले आणि खेड्यातले सगळे सूर्याच्या वारी एके ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचले जातात, मग प्रमुख बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाण्यात मिसळलेला द्राक्षारस वाटला जातो. ज्यांना येता आले नाही त्यांच्याकडे सेवक तो वाटा घेऊन जातात. शेवटी ऐपतीप्रमाणे दिलेली वर्गणी प्रमुखाकडे जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय होते. माणसे दर आठवड्याला का येत होती, या प्रश्नाला मला इतके भरीव उत्तर दुसरे सापडलेले नाही. वाचन ऐकायला यावे लागे, कारण ग्रंथ घरोघर नव्हते आणि बहुतेकांना वाचताही येत नव्हते. भाकर एकट्याने मोडायची नव्हती. विधवेचा आठवडा तर त्या वर्गणीवर निघत असणार.

चौथ्या शतकाच्या तोंडाशी दोन घटना जवळजवळ एकाच काळात घडतात. त्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. ३०४ साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती सभांना बंदी केली असताना उत्तर आफ्रिकेतल्या आबितिने गावात ४९ माणसे घरात उपासनेसाठी जमलेली पकडली गेली. कार्थेजला त्यांची चौकशी झाली. घर उघडून देणाऱ्या एमेरितुसला अधिकाऱ्याने विचारले, यांना आत का घेतलेस? ही माझी भावंडे आहेत, आणि प्रभूच्या भोजनाशिवाय आम्हाला राहता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि मरण पत्करले. त्याच दशकाच्या सुमारास स्पेनमधल्या एल्विरा गावी धर्मगुरूंची परिषद भरली. तिने नियम केला, की शहरात राहून जो लागोपाठ तीन रविवार येणार नाही त्याला काही काळ मंडळीबाहेर ठेवावे. एकीकडे माणसे येण्यासाठी जीव देतात, दुसरीकडे न येणाऱ्यांसाठी शिक्षा लिहिली जाते. छळाचा काळ म्हणजे भक्तीचा सुवर्णकाळ, असे समजणाऱ्यांनी एल्विराचा हा ठराव जरूर वाचावा.

मग ७ मार्च ३२१ उजाडला. कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले, की सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी विसावा घ्यावा. शेतकऱ्यांना मात्र पेरणी आणि लावणीची वेळ हुकू नये म्हणून मोकळीक ठेवली. पहाटेच्या काळोखातली सभा भर दिवसा आली, घरातून निघून भव्य बॅसिलिकांत शिरली, आणि येणाऱ्यांत आता बादशहाच्या मर्जीतले लोकही मिसळले. पाऊणशे वर्षे उलटतात न उलटतात तोच, ३९९ साली, कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष जॉन क्रिसोस्टम व्यासपीठावरून शर्यती आणि नाटकांवर तुटून पडलेला दिसतो, कारण त्याचे श्रोते पवित्र दिवशी रथांच्या शर्यतींना पळाले होते. सहाव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरी सेझेरियसची अडचण निराळी होती. लोक येत, पण वाचन संपून प्रवचन सुरू व्हायच्या बेताला उठून जात. त्याने शुभवर्तमान वाचून झाले की दरवाजे लावून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा चर्चमध्ये बाके नव्हती, सगळे उभे असत. पाय दुखणाऱ्यांनी खाली बसायला हरकत नाही, अशी सवलत त्याने दयाबुद्धीने दिली, तर धडधाकट मंडळीही ऐसपैस पसरून गप्पा मारू लागली. चौदा-पंधरा शतकांपूर्वीचा तो त्रासलेला धर्माध्यक्ष आपल्या प्रवचनांतून आजही इतका जवळचा वाटतो, की प्रत्येक पाळकाने त्याची आठवण ठेवावी.

मध्ययुगात एक विलक्षण कागद युरोपभर फिरला. रविवार पाळा, नाहीतर आगीचा पाऊस पडेल, असा मजकूर असलेले हे पत्र साक्षात ख्रिस्ताने लिहून आकाशातून टाकले, अशी आख्यायिका होती. सहाव्या शतकाच्या अखेरीस कार्ताखेनाचा धर्माध्यक्ष लिसिनियानुस याने ते खोटे ठरवून फाडायला सांगितले, आणि ७४५ साली रोमच्या परिषदेनेही अशा पत्राचा धिक्कार केला. तरी पत्र मेले नाही. १२०१ साली युस्टेस नावाचा फ्रेंच मठाधिपती तेच पत्र घेऊन इंग्लंडमध्ये गावोगाव फिरला आणि रविवारचे बाजार बंद करा म्हणून उपदेश करू लागला. बाजार आणि उपासना एकाच दिवशी, बहुधा एकाच आवारात, हेच त्या काळचे वास्तव होते. शेतकरी मिस्सेला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, येई आणि जाताना मीठ घेऊन जाई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरच्या सुमारास एकदा प्रसादग्रहण सक्तीचे केले. वर्षातून एकदा! इतकी किमान अट घालावी लागली, यावरून बाकीच्या वर्षाची कल्पना करता येते.

धर्मसुधारणेनंतर हजेरी हा राज्यनिष्ठेचा पुरावा झाला. इंग्लंडच्या १५५९ च्या कायद्याने रविवारी पॅरिश चर्चला न येणाऱ्याला १२ पेन्स दंड ठेवला, आणि १५८१ साली तो, मुख्यतः कॅथलिकांना वाकवण्यासाठी, महिन्याला २० पौंडांवर नेला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत १६१० नंतरच्या कडक कायद्यांनी रविवारी गैरहजर राहणाऱ्याचा पहिल्या खेपेला आठवड्याचा शिधा तोडला, दुसऱ्या खेपेला चाबूक आणि तिसऱ्या खेपेला मृत्युदंड लिहून ठेवला. १६१८ साली इंग्लंडच्या जेम्स राजाने उलट बाजूने हात घातला. रविवारी नाच, तिरंदाजी, उड्या मारण्याचे खेळ खुशाल खेळा, पण आधी उपासनेला हजेरी लावलेली असली पाहिजे. प्युरिटन म्हणवणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांना हे खेळांचे जाहीरनामे इतके झोंबले, की १६४३ साली पार्लमेंटच्या हुकुमाने ते जाळण्यात आले. या सगळ्या वर्षांत विश्वास वाढला की नाही हे कुणी मोजू शकले नाही, हजेरी मात्र मोजता आली. माझ्या मते रविवारची सर्वांत मोठी हानी याच काळात झाली. ज्या सभेला माणूस जीव धोक्यात घालून जात असे, तिथे तो दंड चुकवायला जाऊ लागला, आणि दंड उठल्यावर त्याच्या नातवंडांना जायचे कारण उरले नाही. मानच्या तक्त्यांतल्या रिकाम्या जागांची मुळे तिथवर पोचतात.

फ्रेंच क्रांतीने तर रविवारच पुसून पाहिला. १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा आला. तो लोकांच्या पचनी पडला नाही आणि १८०६ च्या पहिल्या दिवसापासून जुनी कालगणना परतली. पण तोवर फ्रान्सच्या कितीतरी भागांत पुरुषांची चर्चची सवय मोडली होती. १९३१ साली गाब्रिएल ल ब्रा या कायद्याच्या प्राध्यापकाने गावोगावची हजेरी अभ्यासायला घेतली, तेव्हा दर रविवारी येणारे आणि फक्त बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधीला येणारे असे वेगळे गट त्याने मांडले. अमेरिकेत १९९३ साली तीन समाजशास्त्रज्ञांनी चर्चमधल्या प्रत्यक्ष हजेरीचे आकडे तपासले. जनमत चाचण्यांत सुमारे ४० टक्के लोक दर आठवड्याला जातो म्हणत, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच भरले. न जाणाऱ्यालाही आपण जातो असे सांगावेसे वाटते, यात रविवारचा मान अजून शिल्लक आहे. २०२० साली गॅलपच्या पाहणीत अमेरिकेतले चर्चचे सभासदत्व प्रथमच निम्म्याखाली, ४७ टक्क्यांवर आले. १९९९ साली ते ७० टक्के होते.

सक्ती उठल्यावर काय उरते, हे आपल्या वसईने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेलेल्या त्या पट्ट्यात चर्चे राजसत्तेच्या छायेत उभी राहिली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, गोरे पाद्री गेले, पोर्तुगीज सत्तेचा धाक आणि आश्रय दोन्ही गेले. मिस्सा मात्र स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने चालू राहिली, आणि ती ऐकायला शेतकरी आणि कोळी येतच राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडून दिल्यावर तीच मिस्सा वसईत मराठीत आली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची वाट वेगळी. अहमदनगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजने आणि अभंग दिले, ते आजही ‘उपासना संगीत’ उघडून रविवारी म्हटले जातात. परक्या चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी टाळ-मृदंग आले, तेव्हा खेड्यातला माणूस उपासनेत रमला. त्याच सुमारास, १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी मागितलेली ही सुट्टी गिरणीतल्या ख्रिस्ती मजुरालाही उपासनेची फुरसत देऊन गेली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातली देवळे, मशिदी, चर्चे बंद झाली. ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. दरम्यान मिस्सा मोबाइलवर दिसे. प्रवचन ऐकू येई, पण प्रसाद पडद्यातून घेता येत नसे. कित्येक ज्येष्ठांना मोबाइलवरच मिस्सा पाहण्याची सवय पुढेही राहिली, आणि धर्मगुरूंनी त्यांना परत बोलावण्यासाठी काय करावे याची चर्चा आजही चालू आहे.

आखाती देशांत ही कथा आणखी वेगळ्या रस्त्याने गेली. वसई, मुंबई, गोवा, मंगळूर आणि केरळहून पोटासाठी गेलेल्या ख्रिस्ती माणसांना तिथे शुक्रवारची सुट्टी मिळे. दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये वर्षानुवर्षे शुक्रवारीच झुंबड उडायची. एकामागून एक, वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सा चालत. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी आणली. कुवेतमध्ये मात्र शुक्रवार-शनिवारच सुट्टी आहे, आणि तिथला रविवार कामाचा वार. तिथल्या परिचारिका आणि चालक रविवारी आपली पाळी सांभाळून, कुणी कामावर जाण्याआधी, कुणी काम उरकून रात्री, चर्च गाठतात. न गेल्यास दंड नाही, गेल्यास कुणाची शाबासकी नाही. आपल्या गावचे, आपल्या भाषेचे चार चेहरे मात्र तिथे भेटतात, आणि कुणी आजारी पडून खोलीवर असेल तर त्याची चौकशी होते.