लपणाची शिस्त

आज ६०० मिलिमीटरची लेन्स खांद्यावर टाकून पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेल्या तरुणांना लपण, म्हणजे पक्ष्याला न दिसता बसायचा आडोसा, कशाला लागायचं, हे समजावून सांगावं लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिला भाता आणि मागे काचेची प्लेट. एक फोटो घेतला की प्लेट बदलायची. प्लेटा मंद, त्यामुळे उजेड भरपूर हवा. चिमणीएवढा पक्षी काचेवर नीट दिसायला हवा असेल, तर त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर पोचावंच लागे. एवढ्या जवळ उघड्यावर उभ्या माणसासमोर कुठला पक्षी येईल? तेव्हा माणसानंच दिसेनासं व्हायचं, एवढा एकच उपाय उरला.

हा उपाय चिकाटीनं करून पाहिला रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी. दोघे यॉर्कशरमधल्या स्वेलडेल खोऱ्यातल्या थ्वेट गावचे. रिचर्ड लहानपणच्या दुखापतीमुळे लंगडत चालत, तरी कडेकपारी सोडत नसत. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनजवळच्या एनफिल्डला चेरीनं गाणाऱ्या कस्तुराच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट फोटो घेतला. तिथून दोघांना ध्यासच लागला. १८९५मध्ये त्यांचं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं. त्यातली चित्रं हातानं काढलेली नव्हती, रानात जाऊन घेतलेले फोटो होते. पुढं त्यांनी खोटं झाडाचं खोड केलं, मेंढी केली आणि १९००च्या सुमाराला चक्क बैल केला. हलक्या सांगाड्यावर खरं कातडं चढवलेलं आणि आत माणूस व कॅमेरा. कुरणात चरणाऱ्या गुरांना पक्षी बुजत नाहीत, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या भावांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. एकदा आत बसलेल्या रिचर्डना भोवळ आली आणि बैल कलंडला.

बैल काही फार दिवस टिकला नाही. टिकला तो साधा कापडी तंबू: चार दांड्या, त्यावर मातकट कॅनव्हास, ताणाच्या दोऱ्या, खुंट्या आणि पुढं लेन्सपुरतं भोक. उचलून नेता येईल असा. इंग्लंडच्या नॉरफकमध्ये एमा टर्नर हिकलिंगच्या दलदलीत हाउसबोटीवर राहून असंच काम करत. तिथला बिटर्न, म्हणजे बोरूत लपणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी, ब्रिटनमध्ये वीण करायचा थांबला होता. १९११मध्ये त्यांना आणि जिम व्हिन्सेंट यांना त्याचं पिल्लू सापडलं. टर्नरबाईंच्या फोटोमुळे बिटर्न परत आल्याचा पुरावा मिळाला. फोटो हा देखणेपणाच्या पलीकडे जाऊन ज्ञान कसा होतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माझं लपण मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलं. शिवताना त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: कापड ढिलं राहता कामा नये. वाऱ्यानं फडफडणारं कापड पक्ष्याला माणसाइतकंच घाबरवतं. बाकीचे नियम या जुन्या मंडळींचेच आहेत. लपण पहिल्या दिवशी लांब ठेवायचं आणि पक्षी निर्धास्त वावरू लागला की थोडं थोडं पुढं न्यायचं. लेन्सच्या भोकात आधीपासून रिकामी बाटली अडकवून ठेवायची, म्हणजे तो चकाकणारा डोळा पक्ष्याच्या सवयीचा होतो. आणि आत जाताना दोघांनी जायचं, एकानं परत फिरायचं. जाणारा माणूस दिसला की आत दुसरा उरलाय हा हिशोब बहुतेक पक्ष्यांना जमत नाही.

उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं की भिगवणच्या बाजूला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. तिथं मी बसतो. आत हलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा, ऊन चढलं की घाम डोळ्यांत उतरतो. पण चिखल्या माझ्यासमोर पळतो, थबकतो, मान वाकवून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. त्या थबकण्यात तो एक पाय चिखलावर थरथरवतो आणि खालचा किडा हलला की चोच मारतो, हे मला लांबच्या लेन्समधून कधी कळलं नसतं. कधी धोबी लपणाच्या माथ्यावर येऊन बसतो आणि त्याच्या नखांची खरखर डोक्यावरच्या कापडावर ऐकू येते.

लपणाचा आपल्याकडचा सगळ्यात मोलाचा उपयोग कॅमेऱ्यावाचून झाला, आणि तोही अलिबागजवळच्या किहीमला. १९३०मध्ये सलीम अली हाताशी नोकरी नसताना तिथं राहत होते. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. कॅनव्हासच्या आडोशात बसून त्यांनी तिचं दिवसचे दिवस निरीक्षण केलं. नर घरटं अर्धवट विणतो, माद्या येऊन पारखतात. एखादीनं पसंत केलं की तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. एवढा उलगडा त्या आडोशातून झाला. महायुद्धात जहाजावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचून मुंबईला आलेले सिंगापूरचे लोक वान थो पुढं याच सलीम अलींबरोबर हिंडले आणि निष्णात पक्षी छायाचित्रकार झाले.

या छंदाची किंमतही मोजावी लागली. १९३७च्या मे महिन्यात वेल्समध्ये लपणाकडे चढताना एका घुबडानं पक्षी छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांच्या डाव्या डोळ्यावर झडप घातली. डोळा गेला, पण हॉस्किंग यांनी घुबडांचे फोटो काढणं सोडलं नाही.

त्यापेक्षा मोठी किंमत पक्ष्यांनी मोजली. जुनं लपण बहुतेक वेळा घरट्यासमोर लागे, कारण पक्षी हमखास परत येण्याची जागा तीच. घरटं दिसावं म्हणून पानं-डहाळ्या बाजूला बांधत. जाणते लोक जाताना त्या सोडून देत, घाईतले विसरत. उघडं पडलेलं घरटं कावळ्याला दिसतं, पिल्लांना ऊन लागतं. त्या काळी लेन्सचा नाइलाज होता. आज तो उरलेला नाही. शिवाय आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसतं.

म्हणून नव्यानं कॅमेरा घेतलेल्यांना माझं सांगणं आहे: या लोकांचं लपण घ्या, घरट्याचा हट्ट घेऊ नका. लपण पाणवठ्याशी लावा, चिखलावर लावा, पक्षी चरतो तिथं लावा. ते सावकाश पुढं न्या, आणि पक्षी अस्वस्थ दिसला तर त्याच दिवशी मागं घ्या. वाटेत घरटं दिसलं तर कॅमेरा न उचलता दुसऱ्या वाटेनं जा, आणि ते कुठं आहे हे कुणालाही सांगू नका.