महावीराचे जनक

अमेरिकेंत जुन्या महावीरांचे चित्रपट पुनःपुन्हा नव्यानें निघतात. 'सुपरमॅन' १९७८, २०१३ व २०२५ सालीं निरनिराळ्या रूपांनीं पडद्यावर अवतरला. त्यांतील कोणता सरस, या वादांत रसिक रंगून जातात. परंतु दुर्बलांच्या या कैवाऱ्याच्या जनकांवर काय ओढवलें, हें विसरूं नये. क्लीव्हलंडच्या जेरी सीगेल व जो शुस्टर या तरुणांनीं १९३८ सालीं त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांस विकले. प्रकाशक गबर झाले. शुस्टर मात्र उतारवयांत हलाखींत पडला. अखेर लोकमताच्या दडपणामुळें १९७५ सालीं दोघांस वर्षासन व नामोल्लेखाचा मान मिळाला, आणि १९७८ च्या चित्रपटांत त्यांचीं नांवें झळकलीं. आमच्या मतें, उड्डाणाच्या करामतींपेक्षां त्या चित्रपटाचें खरें भूषण हेंच होय.