रोमचे देव, पूर्वेचे देव : सरमिसळ कोणाच्या अटीवर?

रोमची सत्ता पूर्वेकडे पसरत गेली, तसे पूर्वेचे देवही रोममध्ये येऊ लागले. परक्या देवाला आपल्या देवाचे नाव देऊन ओळखण्याच्या या पद्धतीला इतिहासकार टॅसिटसने ‘इंटरप्रिटाशियो रोमाना’, म्हणजे रोमन अन्वयार्थ, असे म्हटले. अनेकजण याला रोमन सहिष्णुता म्हणतात. पण ही सरमिसळ कोणाच्या अटीवर झाली, हे आपण तपासले पाहिजे.

सिबेली : हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २०४ मध्ये, आशिया मायनरमधून या देवीची काळी शिळा रोममध्ये आणली गेली. ती रोमची ‘महामाता’ झाली. मात्र तिचे पौरोहित्य करण्यास रोमन नागरिकांना मनाई होती. देवी आपली, तिचे पुजारी परके!

ज्युपिटर डॉलिकेनस : उत्तर सीरियातील डॉलिके गावचा हा वादळाचा देव. हाती दुधारी परशू व वीज, पायाखाली बैल हे जुने रूप टिकले. पण नाव ज्युपिटरचे मिळाले आणि अंगावर रोमन चिलखत चढले. सैनिकांबरोबर तो ब्रिटनपर्यंत पोहोचला.

एलागाबाल : इ.स. २१८ मध्ये सीरियातील एमेसाच्या सूर्यदेवाचा तरुण पुरोहितच सम्राट झाला. त्याने आपला देव ज्युपिटरच्याही वर बसवला. इ.स. २२२ मध्ये त्याचा खून झाला आणि त्या देवाची शिळा एमेसाला परत पाठवण्यात आली. पूर्वेचा देव ज्युपिटरच्या नावाखाली चालला, ज्युपिटरच्या डोक्यावर चालला नाही.

याहून वेगळे चित्र कुषाण नाण्यांवर दिसते. कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक आणि इराणी देव आहेत, आणि बुद्धही आहेत. तिथे ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ असे लिहिले आहे. बुद्धांना दुसऱ्या कोणाचे नाव दिलेले नाही.

हा इतिहास आम्ही तरुणांपुढे ठेवतो, कारण नाव बदलून सामावून घेण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. बुद्धांना विष्णूचा अवतार ठरवणे हा तोच प्रकार. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा तो दावा स्पष्टपणे नाकारते. कोणी ‘तुमचे-आमचे देव एकच’ म्हणाले, तर आपण एवढेच विचारावे : मग नाव कोणाचे राहणार?