हर-टू/न्यू: एका औषधाला सोळा वर्षं का लागली

स्तनाच्या कॅन्सरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एक ओळ हमखास असते: 'हर-टू/न्यू'. पुढे ०, १+, २+ किंवा ३+. यातलं 'हर-टू' माणसाचं, पण 'न्यू' आलंय चक्क उंदरांकडून. हा किस्सा बरेच दिवस लिहायचा होता, या विकांताला मुहूर्त लागला.

मंडळी, आधी थोडी मशिनरी समजून घेऊ. पेशीनं कधी वाढायचं हे तिला बाहेरून कळवलं जातं. निरोप घ्यायला पेशीच्या आवरणात काही प्रथिनं बसवलेली असतात. डोकं बाहेर, शेपूट आत. निरोप आला की दोन प्रथिनं जोडी जमवतात आणि एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतात. हे चिकटवण्याचं काम करणारं एन्झाइम म्हणजे कायनेज. फॉस्फेट लागलं की आतली साखळी चालू, पेशी विभागायला तयार. काम झालं की दुसरी एन्झाइम्स ते फॉस्फेट काढून टाकतात. थोडक्यात ऑन-ऑफ स्विच. स्विच ऑनवरच अडकला तर काय होईल ते सांगायला नको.

हे फॉस्फेट टायरोसिन या अमिनो आम्लावर बसतं हे १९७९ मध्ये कळलं, तेही आळशीपणामुळे! कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी ताजं बफर बनवायचा कंटाळा करून जुनंच वापरलं. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर घसरला होता. तेवढ्यानं एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले आणि नवा ठिपका निघाला फॉस्फोटायरोसिनचा. (हे वाचून उगाच आपल्या जुन्या कोडचं समर्थन करू नये :-))

आता उंदीर. एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले एक संशोधक होते, लक्ष्मीचरण पाढी. उंदराच्या न्यूरोब्लास्टोमा या मज्जापेशींच्या ट्यूमरमधला डीएनए साध्या पेशींत घातला की त्याही कॅन्सरसारख्या वागायला लागत. १९८२ मध्ये पाढी आणि सहकाऱ्यांनी छापलं की अशा पेशींत १,८५,००० वजनाचं एक प्रथिन दिसतं आणि अशा ट्यूमरच्या उंदरांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं ते ओळखतात. न्यूरोब्लास्टोमावरून जनुकाचं नाव पडलं 'न्यू'.

इथे जरा थांबूया. त्याच काळात गाजत असलेलं रास हे कॅन्सरचं जनुक जे प्रथिन बनवतं ते पेशीच्या आत असतं, प्रतिद्रव्याच्या आवाक्याबाहेर. न्यूचं प्रथिन मात्र आवरणावर, डोकं बाहेर काढून बसलेलं. म्हणजे औषधाला दारातच पकडता येईल असं. पण त्या खोलीत सगळे जनुकं शोधणारे होते, औषध बनवणारं कोणीच नव्हतं. मला यात कोणाला नावं ठेवायची नाहीत. आपल्याकडेही बग शोधणारी टीम वेगळी आणि दुरुस्त करणारी वेगळी असते, मध्ये ईमेल हरवतात. १९८५ मध्ये जेफ्री ड्रेबिन आणि मार्क ग्रीन यांनी तर प्रतिद्रव्य वापरून या पेशी पुन्हा साध्यासारख्या वागायला लावून दाखवल्या. तरीही माणसासाठी औषध बनवायला कोणी धावलं नाही.

माणसातलं तेच जनुक १९८५ मध्ये जेनेनटेक कंपनीत ॲक्सेल उलरिख यांच्या गटानं वेगळं केलं, तेच हर-टू. त्यांच्याकडे जनुक होतं, पण कुठला कॅन्सर ते ठाऊक नव्हतं. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांच्याकडे फ्रीझरभर ट्यूमर होते, पण जनुक नव्हतं. दोघे भेटले आणि १९८७ मध्ये उत्तर आलं: स्तनाच्या १८९ ट्यूमरपैकी सुमारे ३० टक्क्यांत हर-टूच्या जादा प्रती, आणि ज्यांच्यात जास्त प्रती त्यांचा आजार लवकर उलटतो. (आज हा आकडा १५ ते २० टक्के धरतात.) गंमत म्हणजे उंदरात जनुकाचं एकच अक्षर बदललं होतं, माणसात स्पेलिंग बरोबर, फक्त झेरॉक्स फार निघाल्या होत्या.

एवढं कळल्यावरही कंपनी बिचकत होती, कॅन्सरच्या औषधात पैसे बुडतात म्हणून. स्लेमन मागे लागून राहिले, रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडूनही त्यांच्या संशोधनाला पैसा मिळाला. पॉल कार्टर यांनी उंदराचं प्रतिद्रव्य माणसाच्या शरीराला चालेल असं बदललं, आणि १९९२ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. चाचणीबाहेरच्या बायकांना औषध मिळेना, तेव्हा १९९४ च्या डिसेंबरात आंदोलक गाड्यांची अंत्ययात्रा काढून कंपनीच्या आवारात शिरले. पुढे कंपनीनं काही जणींना सोडत काढून औषध दिलं. सोडत! जगायचं की नाही याची लॉटरी.

शेवटच्या मोठ्या चाचणीत ४६९ बायका होत्या, सगळ्या हर-टू जास्त असलेल्या. माझ्या मते खरी हुशारी या निवडीत आहे. सरसकट सगळ्यांना घेतलं असतं तर परिणाम सरासरीत बुडून गेला असता. नुसत्या केमोनं आजार सरासरी ४.६ महिने थोपला, हर्सेप्टिन जोडल्यावर ७.४. आकडे छोटे वाटतात, पण या बायकांचा आजार शरीरभर पसरलेला होता. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. २००५ मध्ये दिसलं की ऑपरेशननंतर लगेच दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. हृदयाच्या स्नायूंनाही हर-टू लागतं, त्यामुळे औषध चालू असताना अधूनमधून इको काढावा लागतो.

माझ्या मावशीच्या रिपोर्टवर ३+ होतं. दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर. तिला मिळालं ते बंगळुरूच्या बायोकॉनचं. रॉशनं २०१३ मध्ये हर्सेप्टिनच्या भारतातल्या पेटंटवरचा दावा सोडून दिला आणि २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉनचं औषध बाजारात आलं, मूळ औषधापेक्षा सुमारे २५ टक्के स्वस्त. तरीही काकांनी एफडी मोडली ती मोडलीच. दुसऱ्या डोसच्या वेळी मी तिला सांगितलं, "तुझ्या रिपोर्टमधलं न्यू आहे ना, ते शोधणाऱ्यांत आपल्या मुंबईहून गेलेला माणूस होता." ती म्हणाली, "मग त्यांनी तेव्हाच औषध नाही का काढलं?"