अस्सल, तालीक आणि आरसी बुक

मराठीत 'डुप्लिकेट' हा शब्द गेल्या काही दशकांत चांगलाच रुळला आहे, पण तो एका अर्थाने रुळलेला नाही. बाजारात 'डुप्लिकेट माल' म्हटले की खोटा माल समजायचा. आरटीओच्या खिडकीवर मात्र 'डुप्लिकेट आरसी' म्हणजे खरी आरसी, फक्त पुन्हा दिलेली. 'नक्कल' या जुन्या शब्दाचेही असेच झाले आहे. भूमी अभिलेख कार्यालयातली नक्कल हा सही-शिक्क्याचा पुरावा असतो, तर रंगमंचावरची नक्कल ही थट्टा असते आणि 'नकली' म्हणजे तर उघड खोटे. एकच शब्द पुराव्यालाही चालतो आणि फसवणुकीलाही, ही गोष्ट आम्हांला निव्वळ भाषिक गंमत वाटत नाही. ज्या समाजाने कागद हरवण्याचे आणि तो पुन्हा मिळवण्याचे दुःख शतकानुशतके भोगले, त्याच्या अनुभवाचा गाळ या शब्दांच्या तळाशी साचलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा एक धागा उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

त्याला निमित्त झाली एक जुनी मोटारसायकल. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ती शेजारच्या तालुक्यातील एका गृहस्थांकडून वापरलेली म्हणून विकत घेतली होती. पैसे रोख दिले गेले, किल्ली हातात आली, आरसी बुक आले आणि सोबत फॉर्म २९ व फॉर्म ३० हे कोरे, फक्त सही केलेले कागद आले. 'सवडीने नावावर करून घ्या' असे विकणारा म्हणाला आणि घेणाऱ्याला ती सवड कधी मिळाली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात आणि आसपासच्या गावांत शिरले, तेव्हा या घरातील लोखंडी पेटी तीन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर गाडी धुऊन, तेल बदलून चालू झाली. पेटीतल्या कागदांचा मात्र लगदा झाला होता. दुय्यम प्रत काढावी म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानेच अर्ज करायचा असतो. आणि ते गृहस्थ तर दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

त्या मुलाने आम्हांला विचारलेला प्रश्न साधा होता. 'सर, गाडी दारात उभी आहे, आठ वर्षे आम्हीच वापरतोय, सगळ्या गावाला माहीत आहे. मग ती आमची नाही, असे कसे?' मराठी वाङ्मय शिकवणाऱ्या माणसांकडे या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर नसते. पण हा प्रश्न आम्ही मोडी कागदांत अनेकदा वाचला होता.

*

मराठेशाहीतील वतनपत्रे, इनामपत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना पत्राच्या शेवटी येणारी एक ठरीव सूचना परिचित असेल. पत्र मुलकी अधिकाऱ्याला उद्देशून असते आणि त्याला सांगितलेले असते की या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, दप्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी ज्याचे त्याला परत द्यावे. दरवर्षी नव्या पत्राची मागणी करू नये, असेही बजावलेले असते. ही सूचना इतकी नेहमीची आहे की वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरते. पण कागदाची सगळी व्यवस्था तिच्यात सामावलेली आहे. अस्सल घरात राहील आणि नक्कल सरकारात. पत्रांवर आढळणारे 'सुरुसूद', 'बार' यांसारखे शेरे दप्तरातील नोंदीची साक्ष देतात; म्हणजे नोंदवही तेव्हाही होतीच. तरीही हक्काचे वजन घरातल्या पेटीतील कागदाला होते.

मग हा घरातला कागद गेला तर? आणि तो जात असेच. स्वाऱ्या होत, घरे जळत, दुष्काळात माणसे परागंदा होत, भाऊबंद पेटी घेऊन पळत. वतनाच्या तंट्यांतील करीने आणि महजर यांत 'कागद होते ते गेले' ही तक्रार वारंवार भेटते. अशा वेळी गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि शेजारच्या गावांतील जाणती माणसे एकत्र येत. वडिलांनी काय पाहिले, आजाने काय सांगितले, मान कोणाचा, आधी विडा कोणाला मिळतो, हे ती सांगत आणि त्याचा महजर होई. खाली ज्याची त्याची निशाणी उमटे. पाटलाचा नांगर प्रसिद्धच आहे. बलुतेदारही आपापल्या व्यवसायाचे हत्यार निशाणी म्हणून काढीत. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्या आठवणीवर अक्षराचा हक्क उभा राहत असे. साक्षीने निभावले नाही तर दिव्य होते. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि मग हाताला फोड येतो की नाही हे पाहायचे, हेही त्याच न्यायव्यवस्थेचे अंग होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गोतात ज्याचे वजन, त्याची आठवण खरी ठरण्याचा धोका होताच. बायकांचा आणि गावकुसाबाहेरच्यांचा शब्द त्यात किती ऐकला जाई, हा प्रश्नही टाळता येत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. तिथे हरवलेल्या कागदाची भरपाई माणसांच्या स्मरणातून होत होती, आणि नवा कागद हा त्या सामूहिक स्मरणाचा लेखी निष्कर्ष होता.

*

१८१८ साली पेशवाई गेली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. सरकारी उत्पन्न बुडवणारी इनामे खरी किती आणि खोटी किती, हे तपासण्याचे काम १८४३ पासून सुरू झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर अधिकार मिळाले. लोकहितवादी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते गोपाळ हरी देशमुखही या खात्यात काम करीत होते. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी शतपत्रे वाचताना हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. समाजाने आळस टाकून नव्या विद्येकडे वळावे असे तळमळीने सांगणारा हा लेखक, पुढे त्याच समाजाच्या पेट्यांतील सनदा तपासणाऱ्या यंत्रणेचा भाग होता.

कमिशनच्या कामाने कागदांची जुनी मांडणी उलटी झाली. इनामदार घरातली सनद आणी, आणि तिला दप्तरात आधार सापडतो का ते पाहिले जाई. दप्तर सरकारचे, आणि दप्तरात काय आहे हे सांगणारेही सरकारचेच. खोट्या सनदा होत्या, यात शंका नाही. जुना कागद, जुनी शाई, जुना शिक्का तयार करून देणाऱ्यांचा धंदा चालत होता आणि तो उघडकीस आणणे हे कमिशनच्या कामाचे अंग होते. पण ज्यांचे खरे कागद खरोखर हरवले होते, त्यांची गत काय? गोताची साक्ष आता पूर्वीसारखी निर्णायक राहिली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा भोगवटा 'सगळ्या गावाला माहीत' असणे पुरेसे नव्हते. दक्षिण महाराष्ट्रातील असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनचे नाव घेतले जाते ते यामुळेच. १८५७ नंतर हे काम आवरते घेण्यात आले आणि १८६३ च्या कायद्यांनी, ठरावीक आकार भरल्यास इनाम कायम करण्याची तडजोड झाली.

तडजोड झाली तरी उलटी झालेली मांडणी पुन्हा सुलटी झाली नाही. यापुढे अस्सल दप्तरात राहणार होते आणि तालीक आपल्या घरात.

*

मोटारगाडी आपल्याकडे आली ती या उलट्या मांडणीत. १९१४ च्या कायद्याने मोटारींच्या नोंदणीला देशभर एक चौकट दिली, १९३९ च्या कायद्याने ती विस्तारली आणि १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याने आजचे रूप दिले. 'एमएच' आणि आकडा ही आपल्या ओळखीची नंबर प्लेट याच शेवटच्या टप्प्यातली.

या दोन कायद्यांत 'मालक' शब्दाची व्याख्या बदलली, याकडे आम्हांला विशेष लक्ष वेधायचे आहे. १९३९ च्या कायद्यातील व्याख्येने मालकी नोंदवहीतील नावाशी बांधलेली नव्हती. १९८८ च्या कायद्याच्या कलम २ (३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे ती व्यक्ती. हप्त्यावरील वाहने आणि अज्ञान मालक यांच्यासाठी अपवाद आहेत, पण मुख्य वाक्य हेच. दुसरीकडे १९३० चा मालविक्री कायदा जंगम वस्तूची मालकी उभय पक्षांच्या इराद्याने जाते असे मानतो. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा ठरला आणि कासरा हातात आला की बैल आपला. मोटारसायकलही जंगमच, पण तिच्या बाबतीत कासरा हातात येणे पुरत नाही. एकच गाडी एका कायद्याने घेणाऱ्याची आणि दुसऱ्याने विकणाऱ्याची, अशी तिची दुहेरी अवस्था होते.

ही अवस्था केवळ तात्त्विक नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एक मोटार एकामागून एक हातांत विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्या नावावर राहिली होती. २००९ साली तिचा अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्याची. गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा माणूस मोकळा झालेला नव्हता. 'सवडीने नावावर करून घ्या' हे औदार्याचे वाक्य बोलणाऱ्यालाच असे महाग पडू शकते.

हरवलेल्या आरसीची वाट १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५३ मध्ये आहे. कागद जिथे हरवला तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी कळवायचे आणि ज्या कार्यालयात शेवटची नोंद आहे तिथे मालकाने फॉर्म २६ भरायचा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याचीही संमती लागते. मालक वारला असेल तर नियम ५६ प्रमाणे वारसाने फॉर्म ३१ वर आपले नाव लावून घ्यायचे. पुढे विक्रीसाठी २९ आणि ३० हे जुने ओळखीचे फॉर्म. अर्जाला जोडण्यासाठी चासी नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. बैलबाजाराच्या पावतीवर बैलाचा रंग आणि शिंगांची ठेवण लिहावी, तशी ही लोखंडाची ओळख.

या सगळ्यात दुय्यम प्रत 'तयार' होत नाही, ती फक्त पुन्हा उतरवली जाते. घरातले पुस्तक हे मुळातच नोंदवहीतील नोंदीचा उतारा होते. उतारा वाहून गेला, पण मूळ तसेच आहे. आता तर ही नोंद 'वाहन' या संगणकीय प्रणालीत आहे. डिजिलॉकरमधील आरसी २०१८ पासून रस्त्यावर दाखवता येते. ज्याचे नाव नोंदीत आहे त्याला कागद हरवण्याची भीती जवळजवळ उरलेली नाही, हा मोठाच लाभ आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. भीती उरली आहे ती ज्याचे नाव नोंदीत आलेच नाही त्याला. जुन्या गाड्यांचा बाजार तर अशा माणसांवरच चालतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नवे नियम आले आणि गाडी विक्रेत्याच्या ताब्यात गेल्याची सूचना देण्याची सोय झाली. पण एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याला पारावर बसून विकलेली मोटारसायकल त्या सोयीच्या बाहेरच राहते.

*

त्या मुलाच्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर मूळ मालकाच्या गावी गेला. दारात मालकांच्या पत्नी होत्या. त्यांनी आधी माणसांकडे पाहिले नाही, गाडीकडे पाहिले. टाकीच्या डाव्या बाजूला एक पोचा होता, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'ही आमचीच. म्हणजे तुमचीच की. ह्यांनी विकलेली मला ठाऊक आहे, पैसे माझ्याच हातात दिले होते.' मग चहा झाला. वारस म्हणून लागणारे कागद त्यांनी मुलाला शोधायला लावले आणि ठरल्या दिवशी सह्या करायला स्वतः आल्या. त्या 'नाही' म्हणाल्या असत्या, किंवा नव्याने पैसे मागते झाल्या असत्या, तर काय करायचे याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

नोंदवहीत हे काहीच उमटलेले नाही. तिथे मृत मालक, वारस आणि खरेदीदार एवढ्याच तीन ओळी दिसतील. महजरात मात्र त्या बाईंची साक्ष लिहिली गेली असती, असे म्हणण्याचा मोह आम्हांला झाला होता. मग आठवले की महजरातही बाईची साक्ष क्वचितच भेटते. जुन्या दप्तरात त्यांना जागा नव्हती आणि नव्यात त्या केवळ 'वारस' आहेत. पण दोन्ही दप्तरे जिथे अडतात, तिथे काम अशा एखाद्या माणसाच्या शब्दानेच पुढे सरकत आले आहे. कागदांचा इतिहास शिकवताना कागदावर न आलेली ही साक्षही आपण शिकवली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

नवी आरसी आली तेव्हा मुलाने ती आम्हांला दाखवायला आणली. तिच्यावर वडिलांचे नाव होते.