चेतापेशींची परतवसुली

एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचतो कसा, या प्रश्नाचा जेवढा बोलबाला शरीरशास्त्राच्या इतिहासात झाला, तेवढा तो निरोप संपतो कसा या प्रश्नाचा झाला नाही. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पहिल्याहून तिळमात्र उणे नाही. कारण जो हुकूम सुटल्यावर आवरता येत नाही त्याचा अंमल अनर्थकारकच व्हायचा, आणि हृदयाची गती असो, डोळ्यातील बाहुलीचे विस्तारणे असो वा मनाचा एखादा क्षोभ असो, त्याला आरंभाइतकाच शेवटही नेमका असावा लागतो. अ‍ॅड्रेनॅलीन, नॉरअ‍ॅड्रेनॅलीन, डोपामीन आणि सेरोटोनिन ही जी द्रव्ये मोनोअमाइन या एका कुळात गणली जातात, त्यांच्या बाबतीत हा शेवट कसा घडतो याचा उलगडा होण्यास विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले. आणि झाला तो उलगडाही राजमार्गाने झाला नाही. भलत्याच हेतूने तयार केलेली औषधे, परंपरेने चालत आलेली मुळे आणि कुप्रसिद्ध अशी विषे यांनी पेशीपटलावरची एकेक वाट अडवली, आणि वाट अडल्यावरच ती तेथे होती हे शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले.

१९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाकडे जाणारी चेता उद्दीपित करून त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि पहिल्याप्रमाणे दुसऱ्याचीही गती मंदावली, तेव्हा चेता आपले कार्य रासायनिक द्रव्याच्या द्वारा करतात हे सिद्ध झाले. ते द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीन होते, आणि एक विशिष्ट विकर त्याचे क्षणार्धात विघटन करून टाकतो हेही लवकरच कळून आले. येथून एक समजूत रूढ झाली, ती अशी की निरोपाचा अंत म्हणजे निरोप्याचा नाश. पुढे १९४६ साली स्टॉकहोमच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी अनुकंपी चेतांचे द्रव्य नॉरअ‍ॅड्रेनॅलीन असल्याचे दाखविले, तेव्हा त्याचाही मारेकरी कोणी विकरच असणार हे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले. तसा एक विकर ठाऊकही होता. केंब्रिज येथे मेरी हेअर या संशोधिकेने यकृतात १९२८ सालीच त्याचा पत्ता लावला होता, आणि त्याला आज मोनोअमाइन ऑक्सिडेझ म्हणतात. अडचण एवढीच होती की या विकराला औषधाने निष्क्रिय केले तरी नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा प्रभाव अपेक्षेप्रमाणे लांबत नसे. आरोपी हाती होता, गुन्हा मात्र शाबीत होत नव्हता.

या कोड्याची पहिली गाठ ज्या वनस्पतीने सैल केली ती आपल्या देशातील होती. सर्पगंधेचे मूळ उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर देण्याचा प्रघात उत्तर भारतात फार जुना. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढता रक्तदाब यांवरील तिच्या गुणांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास दिल्लीत सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून काही अल्कलॉइडे शुद्ध रूपात वेगळी करून त्यांपैकी एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाने या मुळीकडे गंभीरपणे पाहिले ते मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. या हृद्रोगतज्ज्ञांनी आपल्या रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली, आणि रक्तदाब उतरविणारे औषध म्हणून सर्पगंधेचे नाव जगभर झाले, १९५७ साली लास्कर पारितोषिकाने त्यांच्या या कामगिरीची नोंद घेतली. दरम्यान १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे केले. त्याचेच नाव रिसर्पिन.

रिसर्पिन मनोरुग्णालयांत पोहोचल्यावर प्रक्षुब्ध रुग्ण शांत होऊ लागले. पण ते शांत का होतात, याचे उत्तर प्रयोगशाळेतून यावयाचे होते. अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली दाखविले की रिसर्पिन दिलेल्या प्राण्याच्या शरीरातील सेरोटोनिनचा साठा जवळजवळ निःशेष होतो. मनावर परिणाम करणाऱ्या औषधाचा धागा मेंदूतील एका विवक्षित द्रव्याशी इतक्या स्पष्टपणे जुळला, असे पूर्वी क्वचितच घडले असेल. त्या प्रयोगशाळेत काही महिने काढून स्वीडनला परतलेल्या आर्व्हिड कार्लसन यांनी हाच शोध पुढे नेला. रिसर्पिनने नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा साठाही रिता होतो हे त्यांना आढळले. आणि १९५७ साली त्यांनी रिसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या सशांना डोपा हे पूर्वद्रव्य टोचताच ते ससे थोड्याच वेळात हिंडूफिरू लागले. त्या सशांच्या उठण्यातून पुढे डोपामीनचे महत्त्व आणि कंपवातावरील उपचार निष्पन्न झाले, तो इतिहास निराळा. आपल्या विषयापुरता प्रश्न हा, की साठा रिता होतो म्हणजे नेमके काय होते?

साठा कोठे असतो हे तोपर्यंत उघड झाले होते. १९५३ साली ऑक्सफर्डमध्ये ब्लाश्को आणि स्वीडनमध्ये हिलार्प यांच्या गटांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील अ‍ॅड्रेनॅलीन पेशीद्रवात मोकळे नसून सूक्ष्म कणिकांमध्ये कोंडलेले असते असे दाखविले. चेतापेशींच्या टोकांशी असलेल्या पुटिका या कणिकांच्याच भगिनी. १९६२ च्या सुमारास अमेरिकेत कर्शनर यांनी, आणि त्याच वेळी कार्लसन व हिलार्प यांनी, या कणिका शरीराबाहेर काढून त्यांचा व्यवहार तपासला. पेशीचे इंधन जे एटीपी ते पुरविले की कणिका आजूबाजूचे अमाइन आत ओढून घेत, आणि रिसर्पिनचा लेशमात्र पडताच हे ओढणे थांबे. म्हणजे रिसर्पिन साठा लुटत नव्हते. ते भरणा बंद पाडत होते. पुटिकेत जाण्याची वाट अडल्यामुळे बाहेर राहिलेले द्रव्य पेशीद्रवात मोनोअमाइन ऑक्सिडेझच्या तावडीत सापडून नष्ट होई. या भरण्याची रीत पुढे सविस्तर कळली, ती अशी: पुटिकेच्या पटलावरील एक यंत्रणा एटीपी खर्चून हायड्रोजनचे आयन आत दडपते, त्यामुळे आतील द्रव आम्लधर्मी होतो, आणि वाहक प्रथिन यांतील दोन आयनांना बाहेर पडण्याची मुभा देऊन त्या बदल्यात अमाइनचा एक रेणू आत घेते. या सौद्याच्या बळावर पुटिकेतील द्रव्य बाहेरच्या मानाने हजारो पटींनी दाट होते.

पण ही झाली पेशीच्या आतील कोठाराची कथा. जे द्रव्य एकदा पेशीबाहेर पडले त्याचे काय होते, हा मूळ प्रश्न तसाच होता, आणि त्याचे उत्तर दिले ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी. १९१२ साली न्यूयॉर्कमधील एका गरीब वस्तीत जन्मलेल्या या गृहस्थांना वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, प्रयोगशाळेतील स्फोटात एका डोळ्याची दृष्टी गेली, आणि डॉक्टरेटची पदवी मिळाली ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. १९५७ साली त्यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचे रूपांतर करणारा दुसरा एक विकर शोधून काढला, आणि आता मारेकरी सापडला असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु दोन्ही विकर एकाच वेळी निष्क्रिय केले तरी टोचलेल्या द्रव्याचा प्रभाव ओसरतच होता. याच सुमारास, सीमूर केटी यांनी छिन्नमनस्कतेच्या वेगळ्याच अभ्यासासाठी मागविलेले, ट्रायटियमयुक्त म्हणजे किरणोत्सारी खूण असलेले अ‍ॅड्रेनॅलीन अ‍ॅक्सेलरॉड यांच्या संस्थेत उपलब्ध झाले. खुणेचे द्रव्य शरीरात कोठे जाते हे आता मोजता येणार होते. ते टोचले असता हृदय, प्लीहा, लालाग्रंथी अशा, अनुकंपी चेतांनी समृद्ध असलेल्या अवयवांत ते जाऊन बसते, आणि त्याचा प्रभाव मावळून गेल्यावरही तेथे जसेच्या तसे टिकून राहते, असे दिसून आले. जे नष्ट झाले असे मानले होते ते धडधाकट होते.

ते अवयवाच्या पेशींत असते की चेतांच्या टोकांत, हे ठरविण्यासाठी व्हिएन्नाहून आलेल्या गेओर्ग हर्टिंग यांच्यासह अ‍ॅक्सेलरॉड यांनी जो प्रयोग योजला, तो त्याच्या साधेपणामुळे स्मरणीय ठरला. त्यांनी मांजराच्या मानेतील अनुकंपी गुच्छिका केवळ एका बाजूने काढून टाकली आणि त्या बाजूच्या चेता मरून जाईपर्यंत थांबून मग खुणेचे नॉरअ‍ॅड्रेनॅलीन टोचले. ज्या बाजूच्या चेता शाबूत होत्या त्या बाजूच्या लालाग्रंथीत आणि नेत्रस्नायूंत ते विपुल सापडले. दुसऱ्या बाजूस जवळजवळ नव्हतेच. पुढे प्लीहेकडे जाणाऱ्या चेता उद्दीपित केल्या, तेव्हा आत गेलेले तेच खुणेचे द्रव्य पुन्हा बाहेर पडले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जुनी समजूत मोडीत काढली. चेतापेशी आपला निरोप्या मारीत नाही. काम झाले की त्याला परत बोलावते, कोठारात रुजू करून घेते आणि पुढच्या खेपेस पुन्हा धाडते. नवे द्रव्य घडविण्याचा खर्च आणि दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या हुकमाचा धोका, दोन्ही या एका शिरस्त्याने टळतात.

या शिरस्त्याची खात्री पटविली ती पुन्हा अडवणूक करणाऱ्यांनीच. कोकेन दिले असता अ‍ॅड्रेनॅलीनचा जोर वाढतो, ही गोष्ट लोवी यांनीच फ्रोलिख यांच्यासह १९१० साली नोंदविली होती, आणि पन्नास वर्षे तिचे समाधानकारक कारण कोणाला सांगता आले नव्हते. अ‍ॅक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की कोकेन परतीची वाट बंद करते, म्हणून द्रव्य बाहेर साचते. दुसरा साक्षीदार होता इमिप्रामिन. कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन येथील रुग्णालयात रोलांड कून यांनी ते छिन्नमनस्कतेवर वापरून पाहिले होते. तेथे ते फसले, पण विषादाने ग्रासलेल्या रुग्णांना त्याने उभारी आली, आणि हे निरीक्षण त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. या औषधाचे कार्य कशात आहे, हे कून यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता, कारण ज्यावर ते कार्य करते ती परतवसुलीच अद्याप कोणाला माहीत नव्हती. इमिप्रामिनही हीच वाट अडवते, हे अ‍ॅक्सेलरॉड यांच्या प्रयोगशाळेने १९६१ साली अवयवांत आणि तीन वर्षांनी प्रत्यक्ष मेंदूत सिद्ध केले. १९७० सालच्या नोबेल पारितोषिकात अ‍ॅक्सेलरॉड यांना फॉन ऑयलर व बर्नार्ड कॅट्झ यांच्यासह वाटा मिळाला.

राहिला प्रश्न बळाचा. बाहेर विरळ असलेले द्रव्य दाट असलेल्या जागी ओढून नेणे म्हणजे चढावर ओझे वाहणे. ते बळ कोठून येते? रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथील परिषदेत आतड्यातील शर्करेविषयी मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडली. पेशी सतत सोडियम बाहेर टाकत असते, त्यामुळे बाहेर सोडियमचा दाब साठतो, आणि आत घुसू पाहणाऱ्या सोडियमच्या सोबतीनेच शर्करा आत जाते. अमाइनांचेही असेच आहे, हे १९६६ पासूनच्या प्रयोगांनी दिसून आले. सोडियम काढून घेतला की परतवसुली थांबते. सेरोटोनिनचा व्यवहार अभ्यासण्यास रक्तातील बिंबाणू फार सोयीचे ठरले, कारण तेही सेरोटोनिन याच रीतीने गोळा करतात. तेथे सोडियम व क्लोराइड आत येतात आणि पोटॅशियम बाहेर जातो, असा हिशेब लागला. वाहक प्रथिनाच्या हालचालीचे तत्त्व १९६६ सालीच ओलेग यार्देत्झ्की यांनी सुचविले होते. जुन्या वाड्याच्या देवडीला जसे बाहेरचे आणि आतले असे दोन दरवाजे असावेत आणि एक लावल्याखेरीज दुसरा उघडू नये असा बंदोबस्त असावा, तसे हे प्रथिन प्रथम बाहेरच्या अंगाने उघडते, अमाइन व आयन पोटात घेऊन मिटते, आणि मग आतल्या अंगाने उघडते. पेशीपटलाला भोक असे कधी पडतच नाही.

१९९१ साली येल विद्यापीठात सुसान अमारा यांच्या गटाने नॉरअ‍ॅड्रेनॅलीनच्या मानवी वाहकाचा जनुक हस्तगत केला. ६१७ अ‍ॅमिनो आम्लांची ही माळ पेशीपटलातून बारा वेळा आरपार जाते. सेरोटोनिन व डोपामीन यांच्या वाहकांचे जनुकही त्याच वर्षी सापडले. पुटिकेवरील वाहकाचा जनुक पुढील वर्षी मिळाला, तो मात्र एका विषाच्या साहाय्याने. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कॅलिफोर्नियातील काही तरुण व्यसनी माणसे, बनावट मादक द्रव्यात मिसळलेल्या एका अशुद्धीमुळे, अकस्मात कंपवाताच्या रुग्णांप्रमाणे ताठरून गेली होती. त्या अशुद्धीपासून शरीरात जे विष बनते, त्याला डोपामीनचा वाहक आपल्या मालाप्रमाणेच आत घेतो, आणि ते आतून पेशीला मारते. रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या गटाने हे विष सोसू शकणाऱ्या पेशींचे जनुक चाचपले, तेव्हा ज्या जनुकामुळे ते सोसवले जात होते तो पुटिकेच्या वाहकाचा निघाला. तो विषाला पुटिकेत कोंडून पेशीचा बचाव करीत होता. एकाच पेशीतील एक वाहक विषाला वाट देतो आणि दुसरा त्याला कैद करतो. त्यानंतर स्फटिकांच्या व गोठविलेल्या रेणूंच्या चित्रणाने ही प्रथिने डोळ्यांना दिसू लागली: २००५ मध्ये एका जिवाणूचा तत्सम वाहक, २०१३ मध्ये फळमाशीचा डोपामीनवाहक, २०१६ मध्ये माणसाचा सेरोटोनिनवाहक.

एवढे कळल्यावर विषादाचे रहस्य उकलले असे मानण्याचा मोह अनेकांना झाला. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी या अमाइनांच्या उणिवेतून विषाद उद्भवत असावा अशी उपपत्ती मांडली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले, केवळ सेरोटोनिनची परतवसुली रोखणारे फ्लुओक्सेटिन तर घरोघरी पोहोचले. परंतु एक विसंगती प्रथमपासून डोळ्यांसमोर आहे. ही औषधे वाहकाला काही तासांत रोखतात, आणि रुग्णाला उतार पडण्यास मात्र आठवडे लागतात. कोकेन तोच वाहक रोखते, पण विषादावरील औषध होत नाही. याचा अर्थ परतवसुली रोखणे ही साखळीतील पहिली कडी असली तरी उपशम तिच्या पुढच्या कड्यांत, मेंदूच्या सावकाश होणाऱ्या फेररचनेत, शोधला पाहिजे. रिसर्पिन, कोकेन आणि इमिप्रामिन यांनी आपल्याला जो पुरावा दिला तो वाहकाविषयीचा आहे, आणि त्या बाबतीत तो निर्विवाद आहे. तोच पुरावा दुःखाच्या कारणाविषयी दाखल करणे म्हणजे एका खटल्यातील साक्ष दुसऱ्या खटल्यात वापरणे होय.